एफसी-१५० पेट्रोल: नवा कार्ब बसवल्यापासून चोक आत ढकलला की गाडी बंद पडते

द्राक्षवेल (तासगाव), धागाकर्ता

मंडळी, नमस्कार. आमच्याकडे महिंद्राची १९७१ची एफसी-१५० आहे, पिकअप बॉडीची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती जुनीच घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. द्राक्षाचे क्रेट, खताची पोती, बेदाण्याच्या पेट्या, सगळं तिनं वाहिलंय. इंजिन मूळचं, हरिकेन पेट्रोल. आसपासच्या बहुतेक एफसींना पुढे डिझेल इंजिनं बसली, आबांनी ते होऊ दिलं नाही.

उन्हाळ्यात जुना कार्ब, म्हणजे कार्बुरेटर (कार्टर वायएफ), ओव्हरफ्लो व्हायला लागला. दोनदा खोलून साफ केला, आठवड्यात परत तेच. बटरफ्लायचा (अॅक्सिलेटर दाबला की उघडते त्या झडपेचा) स्पिंडलही ढिला झाला होता. म्हणून नवा सोलेक्स पद्धतीचा सिंगल बॅरल कार्ब आणून गावातल्या फिटरकडून बसवून घेतला. तेव्हापासून सगळं बिघडलंय.

सेल्फ मारला की चोकवर लगेच चालू होते. चोक आत ढकलला की मरते. स्लो (अॅक्सिलेटर न दाबता चालणं) अजिबात धरत नाही. अॅक्सिलेटरचा स्क्रू बराच आत घेतल्यावर हजार-बाराशेवर कशीबशी चालते. रेस दिली की आधी अडखळते, कार्बमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि मग उचलते. रिकामी असताना सपाटीवर ठीक, पण दहा क्रेट टाकले की दम नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की आपोआप बंद पडते, आणि अर्धा तास थांबल्याशिवाय चालू होत नाही.

प्लग नवे टाकले. डेल्कोतले (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट घासून परत लावले. मिक्श्चर स्क्रू आत-बाहेर करून पाहिला, काहीच फरक पडत नाही. फिटरनं डेल्को फिरवूनही पाहिला. आता तो म्हणतो नवा कार्बच खराब निघाला, दुसरा आणा. आणायला हरकत नाही, पण त्याआधी जाणत्यांना विचारावं म्हटलं.

चौदाचापाना (कोल्हापूर)

भावा, दुसरा कार्ब अजिबात आणू नकोस. चोकवर चालते आणि चोक आत ढकलला की मरते, म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त मिळतीय. चोक म्हणजे हवेचं तोंड दाबणंच की. कार्बच्या खाली कुठंतरी हवा खेचती आहे बघ. मेनिफोल्डचं पॅकिंग गेलं असणार, ते बदल.

घाटमाथा (सातारा)

पाना दादांचं निदान बरोबर आहे, पण हरिकेनला इनटेक मेनिफोल्डचं पॅकिंगच नसतं. हे एफ-हेड इंजिन आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, आणि इनटेकचा रस्ता हेडमध्येच ओतलेला. कार्ब थेट हेडच्या डोक्यावर बसतो. बाजूला जे मेनिफोल्ड दिसतं ते फक्त एक्झॉस्टचं. त्यामुळे हवा शिरायच्या जागा मोजक्याच उरतात. कार्बच्या बुडाचं पॅकिंग, बटरफ्लायचा स्पिंडल, इंजिनच्या श्वासाची नळी म्हणजे पीसीव्ही, आणि कुठे व्हॅक्यूमचं तोंड उघडं राहिलं असेल तर ते.

द्राक्षवेल, तुमच्या गाडीचा वायपर मोटरवर आहे की व्हॅक्यूमवर? जुन्या विलीज आणि महिंद्रांना एसी पंपातच (टाकीतून कार्बला पेट्रोल देणारा, एसी कंपनीचा) वायपरसाठी दुसरा पडदा असायचा. तो फाटला की इंजिन तिथून हवाही ओढतं आणि ऑइलही. धूर निळा येतोय का?

आणि एक विनंती. हात लावण्याआधी कार्ब बदलला त्या दिवशी आणखी काय काय बदललं ते लिहा. सगळं, नळीसुद्धा.

द्राक्षवेल

वायपर मोटरवरचे आहेत, आबांनी फार पूर्वी बदललेत. व्हॅक्यूमचं जुनं तोंड बोल्ट मारून बंद आहे. धूर निळा नाही.

त्या दिवशी कार्ब, त्याचं पॅकिंग (फिटरनं जाड कागदाचं कापून शिलॅक लावून बसवलं) आणि पेट्रोलची वरची छोटी नळी बदलली. जुन्या कार्बखाली काळा जाड तुकडा होता, तो नव्याला बसेना म्हणून काढून टाकला. प्लग, पॉइंट आणि डेल्को त्याच आठवड्यात, गाडी नीट होईना म्हणून.

हिरवीवर्दी (अहिल्यानगर)

मी ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालो. जोंगा आणि निस्सान वन-टन या पेट्रोल गाड्यांवर माझी उमेदीची वर्षं गेली. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात जवळजवळ सगळं आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही आठवडाभरात सात गोष्टी हलवल्यात. कार्ब बसवल्यावर जो दोष होता तो एक, आणि तो शोधताना पॉइंट, प्लग, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलवून त्यावर चढवलेले दुसरे. आता लक्षणं एकमेकांत मिसळली आहेत. म्हणून आधी इग्निशन जाग्यावर आणा, मग कार्बकडे जा. आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून गाडी चालवून पाहा. वही ठेवा.

तो काळा जाड तुकडा टाकला असेल तर शोधा. ते नुसतं पॅकिंग नव्हे, उष्णता अडवणारा फायबरचा ठोकळा आहे. एफसीमध्ये इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली कोंडलेलं असतं, तिथे जीपसारखी समोरून मोकळी हवा लागत नाही. ठोकळा नसेल तर हेडची उष्णता सरळ कार्बच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठतं तिथे, चढते आणि पेट्रोल उकळतं. वीस मिनिटांनी बंद पडण्यामागे हे एक कारण असू शकतं. एकच असेल असं मात्र धरून चालू नका.

मिक्श्चर स्क्रूनं फरक पडत नाही, याचंही कारण तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही अॅक्सिलेटरचा स्क्रू आत घेऊन बटरफ्लाय उघडा ठेवलाय. बटरफ्लाय तेवढा उघडला की स्लोच्या वरची बारीक भोकं उघडी पडतात, इंजिन पेट्रोल तिथून घेतं आणि खालच्या स्क्रूला काही काम उरत नाही. स्क्रू खराब नाही. स्लो जेट (स्लोला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबला असेल तरी असंच होतं, पण ते नंतर पाहू.

हवा शोधायला काही जण कार्ब क्लीनर फवारतात. कृपा करून एफसीमध्ये ते करू नका. झाकण उघडं, शेजारी तापलेला एक्झॉस्ट, तुम्ही स्वतः केबिनमध्ये, आणि हवेत ज्वलनशील फवारा. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची बाटली घ्या, साधं पाणी भरा, आणि कार्बच्या बुडाशी, स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी थोडं थोडं मारा. डेल्को आणि वायरी सांभाळा. जिथे पाणी मारल्यावर आवाज बदलतो किंवा पाणी आत ओढलं जाताना दिसतं, तिथे भोक आहे. दारं उघडी ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू द्या.

काळीपिवळी (डोंबिवली)

आमच्या घरात दोन पिढ्या पद्मिनी टॅक्सी होती, सीएनजी बसेपर्यंत सोलेक्सचाच कार्ब. एक आठवलं म्हणून लिहिते. सोलेक्सच्या अंगावर बटरफ्लायच्या उंचीला एक बारीक पितळी नळी बाहेर आलेली असते, डेल्कोच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्ससाठी. पद्मिनीत तिला पाइप लागतो. जीपच्या जुन्या डेल्कोला व्हॅक्यूमचा डबा नसतो, आत फक्त वजनं फिरतात. मग त्या नळीला तुम्ही काय लावलंय?

ती उघडी असेल तर स्लोला फार कळणार नाही, कारण तिचं तोंड बटरफ्लायच्या किंचित वर असतं. पण अॅक्सिलेटर दाबायला सुरुवात केली की नेमकी त्या क्षणी ती हवा ओढते. तुमचं अडखळणं तिथलंच वाटतंय मला.

द्राक्षवेल

ताई, तुमचे खरंच आभार. आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. नळी उघडी आहे, काहीच लावलेलं नाही! सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा लावून टोकाला दुमडून बांधला. रेस देताना अडखळणं बरंच कमी झालं, ‘फट्’ मात्र अजून येतो.

पाण्याच्या बाटलीनंही तपासलं. कार्बच्या मागच्या बाजूला, बुडाशी पाणी मारलं की इंजिनचा आवाज बदलतो. काळा तुकडा आबांनी उचलून ठेवला होता. ‘मूळचं आहे, टाकायचं नाही’ म्हणून खिळ्यांच्या डब्यात होता. उद्या कार्ब उतरवतो.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

इकडे माझ्याकडे १९७९ची फोर्ड एफ-१०० आहे, सरळ सहा सिलिंडरची, ३०० घनइंचांची. तिलाही कार्टर वायएफच. मीही दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन स्वस्तातला नवा कार्ब मागवून बसवला आणि हुबेहूब हेच भोगलं. माझ्याकडे दोष कार्बखालच्या प्लेटच्या दोन पॅकिंगांत होता. मी वरचं बदललं, खालचं जुनंच ठेवलं, आणि उतरवताना ते फाटलं होतं.

कार्ब उतरवला की त्याचं बूड काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. नट जास्त आवळले की कान खाली वाकतात आणि मध्ये फट राहते. माझ्या जुन्या कार्बचं तेच झालं होतं. आधीच्या मालकानं हवा थांबावी म्हणून आवळला असणार, आणि आवळल्यानंच ती वाढली.

द्राक्षवेल

कार्ब उतरवला. काचेवर ठेवला तर डुलतोय. मध्ये फिलर गेजची ०.१५ मिमीची पट्टी सहज जाते. नवाकोरा कार्ब, तरी! शिलॅक सगळं बटरफ्लायच्या कडेपर्यंत पसरलं होतं.

काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, रॉकेलचा हात लावून, आठच्या आकारात घासत बसलो. दीड तास लागला. आता ०.०५ची पट्टीही जात नाही. काळ्या ठोकळ्याची भोकं नव्या कार्बच्या भोकांशी फक्त दोन-अडीच मिमीनं चुकत होती, ती गोल कानशीनं लांबवली. ठोकळ्याच्या खाली-वर एकेक पातळ पॅकिंग, शिलॅक नाही. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले.

पाण्याच्या बाटलीला आता कुठेच उत्तर मिळत नाही. चोक आत ढकलल्यावर गाडी मरत नाही! पण स्लो अजून नऊशेच्या खाली येत नाही, आणि ओढ तर अजिबात नाही.

घाटमाथा

मोठं काम केलंत. आता व्हॅक्यूम गेज मिळतंय का पाहा. पीसीव्हीच्या तोंडाला किंवा त्या जुन्या वायपरच्या बोल्टच्या जागी लावता येईल. साताऱ्यात माझ्याकडे आहे, कुणी येत-जात असेल तर पाठवतो.

द्राक्षवेल

मिरजेत एका ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडे मिळालं. काटा १३-१४ इंचांवर (पाऱ्याच्या), स्थिर. थरथरत नाही.

हिरवीवर्दी

स्थिर आणि कमी. काटा लयीत खाली पडत राहिला असता तर व्हॉल्व्ह, भटकत असता तर मिक्श्चर. स्थिर आणि कमी म्हणजे हवा शिरतेय किंवा टायमिंग मागे आहे. हवा तुम्ही बंद केलीत. तेव्हा फिटरनं फिरवलेला डेल्को. तासगाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, तिथे पुस्तकातले १८-१९ इंच मागू नका. १७ आले तर इंजिन तब्येतीत आहे असं समजा.

आधी पॉइंट. गॅप ०.५० मिमी (०.०२० इंच) करा, कारण गॅप बदलली की टायमिंग बदलतं. प्लगची गॅप ०.७५ (०.०३० इंच). मग टायमिंग, आणि त्यासाठी टायमिंग लाइटची गरज नाही. १२ व्होल्टचा साधा बल्ब आणि दोन वायरी पुरतात.

सगळे प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून कुणाला तरी हँडल मारायला सांगा. अंगठा आतून ढकलला जायला लागला की एक नंबर कॉम्प्रेशनवर वर येतोय. तिथून हळूहळू, पुलीवरची खाच कव्हरवरच्या ५ अंशांच्या खुणेशी येईपर्यंत फिरवा. हरिकेनचं टायमिंग वरच्या टोकाआधी ५ अंश. खाच पुढे गेली तर मागे आणू नका, दोन पूर्ण फेरे परत घ्या, नाहीतर गिअरमधली ढील फसवते.

आता डेल्कोची कॅप काढा. रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला बल्बची एक वायर, दुसरी अर्थला. डेल्कोचा नट ढिला करा, इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेला असताना बल्ब विझलेला, उघडल्या क्षणी पेटलेला. या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून डेल्कोचं अंग आधी घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवा, मग घड्याळाच्या दिशेनं अगदी हळू, पेटेल त्या क्षणी थांबा आणि नट आवळा. आवळल्यावर एकदा परत तपासा, आवळताना अंग सरकतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, तीही उलट दिशेनं मोजायची. आणि काम झालं की इग्निशन लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

चौदाचापाना

साहेबांनी सांगितलं तसंच कर. माझ्या गॅरेजला टायमिंग लाइट आहे, तरी जुन्या गाडीला मी बल्बच लावतो. मेनिफोल्डचं मी आधी चुकीचं सांगितलं होतं, एफ-हेड ध्यानात नव्हतं. घाटमाथा दादांनी बरोबर केलं ते.

अजून एक. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घे, इंजिन थंड असताना. इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाखाली असतात म्हणून पोरं ते सोडून देतात, आणि तेच आधी आवळतात.

द्राक्षवेल

काल दिवसभर हेच केलं. हँडल मारायला चुलतभाऊ, बल्ब धरायला मुलगी (सातवीत आहे, तिला बल्ब पेटण्याचं कारण समजावून सांगताना मलाच नीट कळलं). बल्ब पेटत होता तेव्हा पुलीची खाच शून्याच्याही पलीकडे होती, म्हणजे टायमिंग वरच्या टोकानंतर! ५ अंशांवर आणलं. दोन एक्झॉस्ट टॅपेट आवळलेले निघाले, ०.०१० वर.

व्हॅक्यूम आता सतरा. स्लो साडेसहाशेवर उभी राहते. मिक्श्चर स्क्रू आता ऐकतो, आत घेतला की मरायला लागते, बाहेर काढला की जड होते. कार्बमधला ‘फट्’ गेला. आबा बाहेर येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘आता हिचा आवाज आला.’

पण खरं दुखणं राहिलंय. काल संध्याकाळी आठ क्रेट टाकून मणेराजुरीकडे निघालो, पंचवीस मिनिटांत बंद. ठोकळा जाग्यावर असूनही.

काळीपिवळी

बंद पडल्या पडल्या, थंड होण्याआधी, एअर क्लीनरची नळी काढून कार्बच्या तोंडात बघा आणि इंजिन बंद असतानाच अॅक्सिलेटर एकदा पूर्ण दाबा. पेट्रोलची बारीक धार पडली तर वाटीत पेट्रोल आहे, दोष करंटचा (कॉइल किंवा कंडेन्सर). धार नसेल तर वाटी रिकामी. आमचे बाबा रस्त्यात पहिलं हेच बघायचे.

द्राक्षवेल

आज मुद्दाम बंद पडेपर्यंत चालवली. धार नाही. एक थेंबही नाही.

घाटमाथा

म्हणजे पेट्रोल कार्बपर्यंत येतच नाही. आता मागे मागे जा. टाकीचं झाकण उघडताना ‘सूऽ’ आवाज येतो का? झाकणाचं श्वासाचं भोक बंद असेल तर टाकी पेट्रोल सोडत नाही. एसी पंपाच्या काचेच्या वाटीत काय दिसतं? मग पंपाची कार्बकडची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. जोरात, एकेक पिचकारी यायला हवी. पंपाचा दाब अडीच ते पावणेचार पाउंड असतो, फार नसतो, पण धार तुटक नसावी.

द्राक्षवेल

झाकणाला आवाज नाही. काचेच्या वाटीच्या तळाशी लालसर गाळ बोटभर. पिचकारी सुरुवातीला चांगली, दहा-बारा वेळा मारल्यावर बारीक होत जाते. पंपाच्या टाकीकडच्या बाजूची रबरी नळी काढून तोंडानं फुंकली तर जवळजवळ बंद! बाहेरून धडधाकट दिसते. उभी कापली, तर आतलं रबर फुगून मऊ चिखलासारखं झालंय आणि मधोमध सुतळी जाईल एवढीच वाट.

रसायन (पुणे)

ही नळी किती जुनी आहे? मी पॉलिमर क्षेत्रात काम करते, म्हणून विचारतेय. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झाली, पुढे ते सगळीकडे पसरलं. जुन्या नळ्यांचं रबर निव्वळ पेट्रोलसाठी निवडलेलं होतं. पेट्रोल-इथेनॉलचं मिश्रण काही रबरांना एकट्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगवतं. पंपाचा पडदा, कार्बच्या पिकअप पंपाचा पडदा, जुनी बुचाची पॅकिंगं आणि शिलॅकसुद्धा. इथेनॉलमध्ये शिलॅक विरघळतं, पॉलिशवाले ते स्पिरिटमध्येच कालवतात. तुमच्या फिटरनं लावलेलं शिलॅक तसंही फार टिकलं नसतं.

दुसरं, इथेनॉल पाणी धरतं. गाडी महिना-महिना उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पत्रा तिथूनच गंजतो. तुमच्या वाटीतला लाल गाळ तोच. नळी घेताना इथेनॉलला चालणारी, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी येते ती मागा. थोडी महाग असते, पण घ्या.

हिरवीवर्दी

रसायन ताईंनी नेमकं सांगितलं. द्राक्षवेल, एक गोष्ट आता तुमच्याच ध्यानात आली असेल. जुना कार्ब ओव्हरफ्लो का व्हायचा? टाकीतला हाच गंज, वाटी भरली की पेट्रोल अडवते त्या पिनच्या बैठकीत अडकायचा. तुम्ही साफ करत होतात, आठवड्यात टाकी परत भरून देत होती. स्पिंडल ढिला होता हे खरं, पण ओव्हरफ्लो त्याचा नव्हता.

द्राक्षवेल

हो, काल रात्री हेच डोक्यात आलं आणि जरा वाईटही वाटलं. पन्नास वर्षं चाललेल्या कार्बला मी दोष दिला.

टाकी उतरवली. आत नदीतली बारीक वाळू आणि रॉकेल घालून दोघांनी धरून हलवली, चार वेळा. निघालं ते पाणी विटेच्या रंगाचं. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. नळ्या सगळ्या नव्या, टाकी आणि पंपाच्या मध्ये कागदाचा फिल्टर. एक्झॉस्टच्या जवळून जाणारी पेट्रोलची पत्र्याची नळी चार बोटं लांब सरकवली. नव्या कार्बचा स्लो जेट काढला तर त्यातही लाल कण होते, कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ केला.

चौदाचापाना

जेटमध्ये तार घातली नाहीस ना? तारेनं भोक मोठं होतंय आणि मग कशानंच नीट होत नाही. हवाच मार.

द्राक्षवेल

नाही दादा, फक्त हवा.

आता ती थांबत नाही. सलग दीड तास चालवली. पण चढावर पूर्ण दाबल्यावर किंचित पोकळ वाटते, आणि प्लग पांढरे पडलेत, म्हणजे पेट्रोल अजून कमी पडतंय. पांढऱ्या प्लगनं व्हॉल्व्ह जळतील अशी भीती वाटते.

काळीपिवळी

मेन जेटवर आकडा काय कोरलाय? सोलेक्सचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी.

द्राक्षवेल

१२०.

रसायन

मग हिशेब सोपा आहे. निव्वळ पेट्रोलला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, आणि जुना जेट ते देत नाही. घनतेचा थोडा फरक धरला तरी सात-आठ टक्क्यांची तूट राहते. १२० वरून १२५ वर गेलात तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. जवळजवळ तेवढंच हवंय.

हिरवीवर्दी

जेट बदलण्याआधी वाटीतली पातळी तपासा. सोलेक्समध्ये ती पिनच्या खालच्या वायसरच्या जाडीवर ठरते. जाड वायसर म्हणजे पिन खाली, आणि पातळी खाली. पातळी कमी असेल तर आधी ती, मग जेट. दोन्ही एकाच दिवशी नको.

द्राक्षवेल

पातळी तपासली. पिनखाली दोन वायसर निघाले, एकावर एक. एक काढला. दोन दिवस चालवली, प्लग पांढऱ्यावरून फिकट झाले पण अजून हवे तसे नाहीत. मग नाना पेठेतून १२५ चा जेट मागवला.

काल सकाळी तीस क्रेट भरून भोश्यापासून दंडोबाचा चढ चढवला. दुसऱ्या गिअरमध्ये, कुठेही न थांबता. आबा शेजारच्या सीटवर होते, पूर्ण वाटभर इंजिनच्या झाकणावर हात ठेवून. वर पोहोचल्यावर इंजिन पूर्ण जोरात असतानाच इग्निशन बंद केलं आणि गाडी उभी केली, प्लगचा खरा रंग दिसावा म्हणून. चारही प्लग फिकट तपकिरी. तीन नंबर किंचित उजळ आहे, त्यावर लक्ष ठेवतो.

जुना कार्टर सातारला घाटमाथा दादांकडे पाठवतोय. त्यांच्या ओळखीचे टर्नर स्पिंडलला बुश बसवून देतात. तो आला की सोलेक्स उतरवून तोच परत बसवायचा, असं आबांचं म्हणणं आहे, आणि माझंही.

घाटमाथा

पाठवा. सोबत लिव्हर आणि रिटर्न स्प्रिंगही पाठवा, बुश बसवल्यावर लिव्हर त्याच कोनात लागतो का ते इथेच बघून घेता येईल. पॅकिंग मात्र माझ्याकडचं नको, परत येईल तेव्हा ठोकळ्याच्या मापाचं नवं कापून घ्या.

हडसनकाठ

तीन नंबरचा प्लग दोन नंबरशी अदलाबदल करून पन्नास किलोमीटर चालवा. उजळपणा प्लगबरोबर सरकला तर दोष प्लगचा. तिथेच राहिला तर त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट पुन्हा मोजा.

द्राक्षवेल

अदलाबदल केली. रविवारी सांगलीला जाऊन येणं आहे, परत आल्यावर काढून बघतो आणि लिहितो.